भावकीतला अँटेना

"आता?"

हा शब्द स्लॅबवरून यायचा. खालून मामी म्हणायच्या, "न्हाई." वरून पुन्हा, "आता?" खालून पुन्हा, "न्हाई."

इस्लापूरच्या अलीकडच्या त्या गावात मी खोली भाड्याने घेतली, त्या पहिल्याच संध्याकाळी मला वाटलं की नवरा-बायकोचं जुनं काहीतरी भांडण चाललंय आणि बायको जिंकतेय. बाहेर येऊन बघते तर घरमालक स्लॅबवर, धोतर खोचून, एका लोखंडी पाइपाला मिठी मारून उभे. पाइपाच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा अँटेना. मालकीणबाई अंगणात मोबाइल हातात धरून वर बघत होत्या. घरात इंटरनेट यावं म्हणून ही कवायत रोज चालते, असं मला शेजारणीने सांगितलं. येतं का, असं मी विचारलं. ती नुसती हसली.

गाव त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही मामाच म्हणू लागले, आणि मालकीणबाईंना मामी. मी मूळची औशाची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमच्याकडे कुणाची किनवट तालुक्यात बदली झाली की नातेवाईक मयताला आल्यासारखे भेटायला येतात. रानटी जनावरं, डोंगर, पाऊस, सगळ्याची भीती मला घालून झाली होती. रेंज नाही हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्या नोकरीत तर रेंजशिवाय पान हलत नाही. मुलांनी खिचडी खाल्ली की नाही याला फार महत्त्व नाही, खिचडीचा फोटो वरच्या साहेबांकडे पोचला पाहिजे.

आता तुमच्याही गावात असा एक माणूस असेलच, जो सगळ्यांना सल्ला देतो आणि तो सल्ला बरोबर असतो. चुकीचा सल्ला देणारे फार त्रास देत नाहीत, त्यांचं कुणी ऐकत नाही. मामांचं सगळं गाव ऐकायचं. टीव्ही नवा नवा आला तेव्हापासून गावातले सगळे अँटेने मामांनीच फिरवलेले. मामा वर, आणि खाली खिडकीशी त्यांचे धाकटे भाऊ. मामा ओरडायचे, "आता?" धाकटे पडद्याकडे बघून ओरडायचे, "मुंग्याच हायेत, दादा!" मग एकदम, "आलं! आलं चित्र!" म्हातारी माणसं सांगतात, दोघांचे आवाज इतके सारखे, की वरचा कोण नि खालचा कोण ते कळायचं नाही.

त्या अनुभवावर मामांनी मोबाइलच्या अँटेन्याचीही गादी बळकावली. पारावर बसून शिकवणी चालायची. "लोकं अँटेना घेतेत ते बैल घेतल्यासारखं. शिंगं बघून. अरे, आधी फोन घेऊन स्लॅबच्या चारी कोपऱ्यात फिरा. कोन्या कोपऱ्यात रेंज चढती ते बघा. मंग तिकडं टावर कोनता हाय ते बघा. मंग जावा दुकानात." टॉवर जवळ असेल, मध्ये आडवं काही नसेल, तर साधी गोल काठी पुरते, ती चहूकडून घेते. टॉवर लांब असेल, मध्ये झाडी असेल, तर काटा घ्या, तो एकाच दिशेचं घेतो पण जोरात घेतो. वायर आखूड ठेवा, "लांब वायर रेंज पिती." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. लोकांनी तसं केलं आणि घरोघरी नेट आलं.

फक्त एक बारीकशी अडचण होती. मामांच्या घरी नेट नव्हतं.

कारण अंगणातून लांबवर दिसायचं. मामांच्या शेताचा बांध ओलांडला की धाकट्यांचं शेत, आणि त्या शेतात, बांधापासून जरा वर, लाल-पांढरा टॉवर उभा. गावातले सगळे अँटेने त्याच्याकडे तोंड करून, शाळेतल्या मुलांसारखे एका रांगेत. मामांचा एकटाच उलट्या दिशेला, रुसलेल्या जावयासारखा पाठ करून. तो बघायचा डोंगराकडे, कारण डोंगराच्या पल्याड दुसरा एक टॉवर आहे अशी मामांची खात्री होती. तो टॉवर मी कधी बघितला नाही. मामांनीही बघितला नव्हता.

ही गोष्ट मला मामांनीच सांगितली. टॉवरसाठी जागा बघायला माणसं आली तेव्हा मामांनी त्यांना घरी नेलं. बोकड कापला. मामींनी चुलीपुढे बसून ज्वारीच्या भाकरी थापल्या. माणसं पोटभर जेवली, मामांचं रान बघितलं, मान डोलावली, बांध ओलांडला, आणि पलीकडे चढ आहे म्हणून जागा तिथे पक्की केली. धाकटे म्हणाले, दादा, मी काई बोललो न्हाई, आई शप्पथ. मामांचा विश्वास बसला नाही. तेव्हापासून बोलणं बंद, येणं-जाणं बंद, तोंड बघणं बंद.

"त्यानं माझ्या मटनावर टावर उभा केला, बाई," मामा म्हणायचे. भावकीची भांडणं मी औशातही खूप पाहिली आहेत. बांधावरून, विहिरीवरून, सामाईक आंब्यावरून. रश्श्यावरून पहिल्यांदाच ऐकत होते.

मी येण्याआधी मामांनी एकदा गोल काठी लावली होती म्हणे. नेट लगेच सुरू झालं. मामींना मस्कतला असलेली लेक दिसली, बोलली. घरात आनंदीआनंद. मग पारावर कुणीतरी शहाणा बोलून गेला, "मामा, गोल काठी चहूकडून घेती. मंजी धाकल्याचंबी घेती की!" मामा हातातला चहा तसाच ठेवून घरी आले आणि काठी उतरवली. पुढे मामींनी तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला. दोडकी मात्र छान लागली, कुणाकडूनही काही न घेता.

त्यानंतर काटा आला. काट्याला जमेना म्हणून पाइप वाढवला. पाइप वाढला तशी वायर वाढली. मी एकदा म्हटलं, "मामा, लांब वायर रेंज पिते ना?" मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरचं गुपित फोडलं. "ती लोकांची वायर, बाई," म्हणाले.

शेवटी नांदेडला जाऊन ते पाटांसारखे दोन पांढरे चपटे अँटेने घेऊन आले. मीही त्या दिवशी नांदेडला होते, म्हणून दुकानात सोबत गेले. दुकानदाराने सरळ विचारलं, "टावर किती लांब आहे?"

"डोंगरापल्याड."

"त्याच्याहून जवळ नाही का एखादा?"

"हाय," मामा म्हणाले, "पन आमचं बोलनं न्हाई."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे.

माझ्या खिचडीचं काय, असं तुम्ही विचाराल. मी रोज संध्याकाळी फिरायला जायचे. फिरत फिरत बांध ओलांडून टॉवरच्या खाली उभी राहायचे आणि फोटो पाठवायचे. धाकटे कधी गोठ्याशी असायचे. चहा सांगायचे. इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच विचारायचे, "दादा अजून वर चढून राहिले का, बाई? त्यांना म्हनावं, कठड्याला धरून चढत जा." आवाज खरंच हुबेहूब मामांचा, फक्त त्यात ऐट नव्हती. मी परत आले की मामा ओट्यावरून विचारायचे, "फिरायला गेल्ता का, बाई?" मी हो म्हणायचे. "तिकडलीच हवा बरी लागती तुमाला!" मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत, "त्याची म्हस व्याली का?"

अशा माणसावर रागवावं तरी किती!

पण मला राग यायचा, तो मामींसाठी. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर डॉक्टरांनी तिला विमानाला मनाई केली. मुलगा झाला. मामींनी शिवलेलं दुपटं, झबली, डिंकाचे लाडू कुणाकुणासोबत मस्कतला गेले. मामी तेवढ्या राहिल्या. नातवाला त्यांनी फोनवर बघितलं होतं ते असं, की आधी कपाळ यायचं, मग अडकायचं, मग सगळे चौकोन. "कोनावर गेलाय?" असं बायका विचारायच्या. मामी म्हणायच्या, "काय सांगू माय, चौकोनावर गेलाय." हसत म्हणायच्या आणि मग पदर डोळ्याला लावायच्या.

बारसं ठरलं. लेक म्हणाली, आई, तू तिकडून पाळणा म्हण, मी फोन पाळण्यापाशी ठेवते. मामी आठवडाभर पाळणा घोकत होत्या. विसरायला नको म्हणून चूल फुंकतानाही म्हणायच्या. मामांनी पाट लावले, पाइप घासला, त्याला हळद-कुंकूसुद्धा वाहिलं. "आज बगा, डोंगर फोडून येतंय," म्हणाले.

दुपारी फोन लागला. डोंगर काही फुटला नाही. लेकीचा आवाज यायचा, तुटायचा. पाळण्याचा एक कोपरा दिसला आणि तिथेच थिजला. मामींनी डोळे मिटून पाळणा सुरू केला. दुसऱ्या ओळीलाच तिकडून आवाज आला, "आई, ऐकू येईना!" मामा शिडीकडे धावले.

"आता?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई."

"आता बग!"

मामी उठल्या. फोन माझ्या हातात देऊन अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे. त्यांचा आवाज चढला नाही, हेच जास्त भीतीचं होतं. "अवो," त्या म्हणाल्या, "नातवाचं तोंड बगायचंय, का भावाचं तोंड बगायचं न्हाई? एक काय ते ठरवा. मला दोन्ही झेपना आता."

मामा पाइपाला धरून नुसते उभे होते. मग पाइप करकरला. अर्धा फिरला, थांबला. पुन्हा करकरला. ते दोन पांढरे पाट डोंगराकडून सुटले आणि हळूहळू वळत बांधापलीकडे, धाकट्यांच्या रानाकडे झाले. मामांनी स्वतः मात्र पाठ तिकडेच ठेवली होती. हात मागे करून पाइप फिरवला त्यांनी, अशी अवघड कसरत मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिली नाही.

"आता?" अगदी बारीक आवाजात.

माझ्या हातातल्या फोनवर चौकोन विरघळले. पाळणा दिसला. पाळण्यात गालाला काजळाची तीट लावलेलं, रागावलेलं, मूठ चोखणारं बाळ. आणि बाजूच्या चौकटीत, नवी टोपी घालून, नीट बसलेले धाकटे आणि त्यांची बायको. लेकीने दोन्ही घरं एकाच फोनवर घेतली होती. तिला ही अक्कल कुणी दिली ते मी मामींना आजवर विचारलेलं नाही.

मी फोन मामींपुढे धरला, आणि त्या काही बोलायच्या आत फोनमधून आवाज आला. विचार न करता, सवयीने, खिडकीशी उभा असल्यासारखा.

"आलं! आलं चित्र, दादा!"

स्लॅबवर पाइपाची करकर थांबली. मामांनी विचारलं, "कोन बोललं?"

"टावरवाले बोलले," मामी म्हणाल्या.

मग मामा, आकाशाला उद्देशून, "त्याला इचारा, नीट दिसतंय का म्हून."

"वैनीचं तोंड अर्धंच दिसून राहिलं," फोन म्हणाला. "जरा डाव्या अंगाला घ्या, दादा. अजून. अजून जरासं. हां, बस! बस!"

मामांनी पाइप डावीकडे घेतला. भाऊ सांगेल तेवढाच, एक बोट जास्त नाही. मामींनी पाळणा पहिल्यापासून म्हटला, पलीकडून जाऊबाईंनी साथ धरली. मामा तो संपेपर्यंत खाली आले नाहीत. मी पाणी द्यायला शिडीवर चढले तर ते पाइपाला टेकून बसले होते आणि रडत होते. मला बघून म्हणाले, "वर वारं लई हाय, बाई. डोळ्यात जातंय." पानसुद्धा हलत नव्हतं. ज्या माणसाचा मला इतके दिवस राग यायचा, तो त्या क्षणी मला फार आवडला.

मामा बदलले, असं मात्र समजू नका. दुसऱ्याच दिवशी पारावर सांगून आले, "अँटेना वळला. मी न्हाई वळलो." धाकट्यांनी दोन्ही घरांना मटणाचं जेवण घातलं. मामा दोनदा रस्सा मागून घेऊन म्हणाले, "आमचं याच्याहून बरं होतं." पण नंतर रोज संध्याकाळी बांधावर दोघं उभे दिसायचे. कुठल्याशा वायरीवरून वाद चाललेला असायचा.

पुढे माझी बदली लातूरकडे झाली. मामा उन्हाळ्यात गेले, सकाळी चहा घेता घेता. मला कळलं तेव्हा शाळेची परीक्षा चालू होती, सुट्टी मिळेना. मी गेले ती पाऊस लागायच्या तोंडावर. आदल्या दिवशी वावटळ येऊन गेली होती, गावातले निम्मे अँटेने वाकडे झाले होते.

अंगणात मामी फोन धरून उभ्या. मी जवळ गेले तर त्यांनी नुसता माझा हात धरला. वरून आवाज आला.

"आता?"

हुबेहूब मामांचा आवाज. वर बघितलं. धाकटे होते. पाइपाला मिठी मारून, कठड्याला धरून, पाट सरळ करत होते.

मामींच्या हातात फोन. लेक स्वच्छ दिसत होती. तिच्या मांडीवरचा पोरगा दात दाखवत "आजी, आजी" करत होता. मामी त्याच्याकडे बघत होत्या.

"न्हाई," मामी म्हणाल्या.

वरून पाइप करकरला. "आता, वैनी?"

"न्हाई."

"आता?"

मामींनी डोळे मिटून घेतले. धाकटे वर पाइप फिरवत राहिले आणि मीही त्यांना काही सांगितलं नाही.