खडू न्यायला आलेल्या मुली

आजारी मुलीनं सिस्टरकडे जायला हेडसरांच्या समोरूनच का जायचं? मी शिपायाला विचारलं, सरपंचाला विचारलं, संस्थेच्या लोकांना विचारलं. सगळ्यांनी चहा पाजला, उत्तर कुणी दिलं नाही.

मंद्रूपच्या पुढं आमचं गाव. माझी अक्का तिथल्या हायस्कुलात नर्स होती. मी वेल्डिंगवाला, सातवी नापास. संध्याकाळी गाडीवर तिला घरी आणायचो, तेव्हा ती शाळेतलं सांगायची. ते किस्से माझ्याकडे साचलेत. सांगणारी मागच्या महिन्यात गेली.

*

अक्काची खोली हेडसरांच्या केबिनच्या आत. दुसरी वाट नाही. हेडसर मायाळू, पण कानानं कमी, म्हणून आवाज मोठा. आणि टेबलाच्या खणात कायम ओव्याची डबी!

एका पोराचा पाय मुरगळला. लंगडत आला.

"सगळं पोटातनं निघतंय बघ. घे ओवा!"

पोरगं ओवा चघळत, लंगडत परत!

संध्याकाळी अक्का म्हणाली, "दिवसभर रिकामीच बसले. आमची पोरं लई ठणठणीत हायत की रे!"

*

एकाला गणिताचा तास बुडवायचा होता. पोट धरून केबिनमध्ये गेला.

"जुलाब? किती वेळा?" हेडसरांचा आवाज मैदानापर्यंत.

मैदानावरची पोरं ओरडली, "सात वेळा, सर!"

त्यापेक्षा गणित बरं म्हणून तो वर्गात पळाला.

*

मुलींचं वेगळं. नववीतली एक दारात उभी राहिली. आत तीन सर चहा पीत बसलेले.

"काय झालं गं?"

"काही नाही, सर. खडू पाहिजे."

खडू घेऊन गेली. थोड्या वेळानं दुसरी आली. तिलाही खडूच! अक्का आतून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं खडूचा खोका आपल्या कपाटात नेऊन ठेवला.

मग हेडसरच ओरडायला लागले, "खडू? आत सिस्टरकडं जा!"

मी गाडी थांबवून हसलो होतो.

*

ते टिकलं नाही. पोरांना कळलं. मुलगी केबिनकडे वळली की मागून हाक, "काय गं, खडू संपला व्हय?"

मुली यायच्या बंद झाल्या. अक्का म्हणाली, "मागच्या खिडकीचं दार करून देशील का रे?" मी म्हणालो, "आत्ता देतो!" हेडसर म्हणाले, "संस्थेला विचारतो." संस्था विचारच करत राहिली.

*

एकदा अक्का स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होती, पदर छातीशी घट्ट धरून. मी अंगणातूनच ओरडलो, "काय झालं गं?"

"काय न्हाय. मीठ शोधतीया."

मिठाचा डबा तिच्या हातातच होता.

गाठ होती. सोलापूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणालाच बोलल्या नाहीत?" घरात मी एकटाच. मान वर करवेना. अजून करवत नाही.

*

परवा रविवारी ग्राइंडर आणि घरी बनवलेलं लोखंडी दार घेऊन शाळेत गेलो. सोमवारी नवी सिस्टर येणार होती. कुणाला विचारलं नाही. मागच्या खिडकीचे गज कापले, खालची भिंत फोडली. कुणीतरी हेडसरांना बोलावून आणलं.

मी म्हणालो, "बोलवा पोलिसांना!"

ते फोडलेल्या भिंतीपाशी आले. मग म्हणाले, आणि एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, "कडी आतनं लाव."

दार बसवलं. उघडलं तर करकरलं. मी बिजागऱ्यांना तेल घातलं. उघडलं, लावलं. उघडलं, लावलं. आवाज यायचा थांबेपर्यंत.