षड्जाची वाट

कसालच्या शेवंतीनं तीस वर्षं कारखान्यात काजू सोलले आणि तिथल्या रेडिओवर संध्याकाळचा मारवा ऐकून ऐकून तो अंगात मुरवला. म्हणूनच 'राग कसा ऐकावा' या शिबिरात ती हौसेनं पुढं बसली.

पण व्याख्याते मारव्याची रेकॉर्ड सारखी थांबवून समजावत होते. तिचं डोकं तापत गेलं. रेकॉर्डमधला गायक षड्ज, म्हणजे घरचा सूर, चुकवत जीव टांगणीला लावत होता. शेवटी तो षड्जावर टेकणार, तोच व्याख्यात्यांनी बटण दाबलं. "आता लक्ष द्या, षड्ज येईल!"

शेवंती ताडकन उठली. "मेल्या, अर्धो तास वाट बघतंय! आता खंय तो दारात इलो, तर तूच दार लावलंस?"

व्याख्यात्यांनी घाबरून पुन्हा बटण दाबलं.

रेकॉर्ड पहिल्यापासून सुरू झाली.