योगिताताईचं राहिलेलं उत्तर

माझी बहीण योगिता वाद कसा घालावा हे रीतसर शिकलेली आहे. त्यावर तिचा प्रबंध आहे. तरी आमच्या घरात आजवर तिनं एकही वाद जिंकलेला नाही.

आम्ही नेकनूरचे. थोडी कोरडवाहू जमीन, वडिलांच्या म्हणजे आप्पांच्या शेळ्या. ताई बीडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितका पगार, आणि उन्हाळ्यात आप्पांच्या शेळ्या. तिचा विषय इस्लामी जगातल्या विचारांचा इतिहास. एकेकाळी समरकंदपासून आपल्या दख्खनपर्यंत वादविवादाच्या नियमांची पुस्तकं शिकवली जायची. त्या पुस्तकांवर भाष्य, भाष्यावर आणखी भाष्य, आणि पानाच्या समासात कुणीतरी बारीक अक्षरात काढलेली शंका. ताई त्या समासातल्या शंका वाचते.

मी पुण्यात यंत्रांची ड्रॉइंग तपासायचो. मीसुद्धा समासातच शेरे मारायचो. "पण माझ्या शेऱ्यानं निदान एखादा बोल्ट तरी बदलतो," असं मी तिला चिडवायचो. मागच्या वर्षी कंपनीनं माणसं कमी केली, तेव्हा समजलं की बोल्ट माझ्यावाचूनही बदलतो. मी घरी आलो. ताईनं उलट चिडवलं नाही. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

ती या विषयाकडं वळली ती आईमुळं. आई दिवसातून चारदा म्हणायची, "उगं हुज्जत घालू नको." बारावीत ताईला कळलं की हा शब्द अरबीतून आलाय आणि तिकडं त्याचा अर्थ पुरावा. मग तिनं बीडमध्ये उर्दू, हैदराबादला फारसी आणि अरबी असं करत आयुष्याची चौदा वर्षं पुरावा शोधण्यात घातली. आईच्या मते ती अजून हुज्जतच घालतेय.

ताई ज्या भाष्यकारांच्या मागं लागली त्यांची एक रीत होती. समोरच्याचं म्हणणं खोडायच्या आधी ते त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचं. तो "होय, हेच" म्हणाला, की मगच आपलं उत्तर. ताई ही रीत घरीही पाळते. आई लग्नाचा विषय काढते. ताई म्हणते, "थांब आई, तुझं म्हणणं आधी नीट मांडते." मग लग्न का करावं याची तीन कारणं सांगते. तिसरं ऐकून आई हरखून जाते. "बगा, हे तर मला सुचलंच न्हवतं!" दुसऱ्या दिवशी आई तेच कारण घेऊन पुन्हा हजर.

मागच्या एप्रिलमध्ये कॉलेजात ठरलं की ऐच्छिक विषयांपैकी एक बंद करायचा. ताईचा विषय गेला तर तिचे तास जाणार, आणि तास गेले की ताई कायमची शेळ्यांमागं. निर्णय संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव यांच्या हातात होता. मोठे बागायतदार, जिल्ह्याच्या राजकारणातले जुने खेळाडू. त्यांनी ताईला बाजू मांडायला पाच मिनिटं दिली.

मला स्फुरण चढलं. एवढ्यात माझ्या शिक्षणाचा कुणाला उपयोग झाला नव्हता. मी दोन दिवस बसून सादरीकरण बनवलं. रंगीत आलेख, बाण, आणि शेवटी सोनेरी अक्षरांत 'तर्कशास्त्र ते अल्गोरिदम'. ताईला बजावलं, "आधी अडचण सांग, मग उपाय. कंपन्यांत असंच करतात." प्रोजेक्टर चालवायला म्हणून मीही बैठकीत घुसलो.

वायर लावली आणि लाईट गेली.

"राहू दे बे इंजिनेर," अर्जुनराव म्हणाले. "मॅडम, तोंडीच सांगा. हा विषय ठिवायचा कावून?"

ताई उठली. "साहेब, आधी तुमचा आक्षेप मांडते. काही राहिलं तर सांगा."

मी मागून तिला नको नको अशी खूण केली.

"एक, पोरं कमी आहेत. दोन, याचा स्पर्धा परीक्षेला उपयोग नाही. तीन, शेतकऱ्याच्या पोराला समरकंदचं काय? चार, आणि हे सगळ्यात जोरकस आहे. ज्या गावाला स्वतःचाच इतिहास ठाऊक नाही, त्यानं दुसऱ्याचा आधी का शिकावा?"

अर्जुनराव खुर्चीत पुढं सरकले. "वा! हेच. मला म्हनायचं हुतं ते हेच. बोलाय जमत न्हवतं."

"म्हणजे मान्य?"

"सोळा आणे मान्य!"

ताईनं उत्तरासाठी श्वास घेतला आणि चहा आला. अर्जुनरावांनी घड्याळ पाहिलं. "झाली पाच मिन्टं. मॅडमचंबी म्हनणं हेच हाय, मंग बंदच करू." ते उठलेसुद्धा. मी हातात वायर धरून उभा होतो.

एसटीत मी ताईवर उखडलो. "तू त्यांचीच वकिली केलीस!"

"तूच म्हणालास आधी अडचण सांग."

"उपायबी सांग म्हणलं होतं की!"

"उत्तर राहिलंय," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "वाद संपलेला नाही. कधीकधी उत्तर दोनशे वर्षांनी दुसराच कुणीतरी समासात लिहितो."

"तुझे तास जूनमध्ये संपणारेत." हे बोलून गेलो, आणि मलाच कसंतरी झालं.

अर्जुनराव मात्र भलते खुशीत होते. ताईचे चार मुद्दे त्यांना तोंडपाठ झाले होते. साखरपुडा असो की सत्कार, माईक हातात आला की ते आपण विषय कसा बंद केला ते एक-दोन-तीन-चार करून सांगायचे. लोक माना डोलवायचे.

जूनच्या तोंडावर त्यांची गाडी आमच्या गोठ्यापुढं थांबली. आप्पांनी घाईनं बाजेवरची शेळी उठवून त्यांना बसवलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमी उत्तर द्याचं राहिलं."

"हो साहेब. चहा आला होता."

"परवा लिंबागणेशला लग्नात गेलतो. नेहमीचं बोललो. तर आमचा गडी सटवा इचारतो, 'अन् बाई काय म्हनली?' मी म्हणलं, काय म्हनंल? गप बसली. तर म्हनतो कसा, 'इतकं नीट बोलणारी बाई गप बसंल व्हय? तुमीच उठून आले आसताल.' पाच पन्नास माणसांत! तवापास्नं जो तो तेच इचारतोय." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सांगा बगू. बसलोय मी."

मी धावत लॅपटॉप आणला. "साहेब, लाईट हाय आत्ता, माझ्याकडं..."

"तू गप बे."

ताई म्हणाली, "पहिल्या आक्षेपाचं उत्तर दिवाळीपर्यंत होईल."

"कवा?"

"तुमचे आक्षेप लई मजबूत आहेत, साहेब. बाजेवर बसून अर्ध्या तासात उडवले तर तुमचाच अपमान होईल. वर्ष लागंल. वर्ग लागंल."

अर्जुनरावांनी टोपी परत डोक्यावर चढवली. "मजी विषय चालू ठिवाय लागंल."

"उत्तर हवं असेल तर."

आई चहा घेऊन आली. अर्जुनरावांनी कप लांबूनच पाहिला. "ऱ्हाऊ द्या, मुक्ताबाई. मागल्या टायमाला चहानंच घोळ केला."

एका वर्षापुरता विषय चालू झाला. अर्जुनरावांनी आपली नात संस्कृती हिला पहिल्या बाकावर बसवलंय. संध्याकाळी तिनं आजोबांना वर्गातलं सगळं सांगायचं. मी शेवटच्या बाकावर असतो, प्रोजेक्टरसाठी. ताईनं तो अजून एकदाही लावलेला नाही.

दिवाळी होऊन गेली. पहिला आक्षेप अजून चालूच आहे. परवा मी ताईला म्हटलं, "मार्चपर्यंत चौथा होत न्हाई बघ. मग पुढं काय?" तिनं माझा प्रश्न वहीच्या समासात लिहून घेतला.

काल संस्कृती वर्गात उभी राहिली. "मॅडम, आजोबांनी पाचवा आक्षेप पाठवलाय. म्हणाले, याचंबी उत्तर पाहिजे."

ताईचा चेहरा असा उजळला की तसा मी तिला पीएचडी मिळाली तेव्हाही पाहिला नव्हता. तिनं फळा पुसला, आक्षेप मोठ्या अक्षरांत लिहिला आणि वर्गाकडं वळली.

"आता सांगा, हा याहून जोरकसपणे कसा मांडता येईल?"

सगळ्यांत आधी हात माझा वर गेला.