भिंतीपलीकडचं मराठी

आमच्या घरात मुलांची दृष्टसुद्धा कधी काढली नाही. मी फार्मसिस्ट, नवरा शेखर इंजिनिअर... भूतबीत म्हटलं की हसणाऱ्यातले आम्ही. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली.

१९९१चा फेब्रुवारी. आम्ही लंडनच्या पिनर भागात सेमी-डिटॅच्ड घरात राहायचो, म्हणजे आमच्या लाउंजची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. शेजारी मिस्टर हॉलिस, वयस्कर, एकटे. ख्रिसमसला ते मुलीकडे गेले ते तिकडेच राहिले होते. घर बंद, किल्ली आमच्याकडे.

आदल्या वर्षी सासरे वारले आणि आम्ही सासूबाईंना मिरजेहून कायमचं इकडे आणलं. आणलं खरं, पण त्या मिटूनच गेल्या. "हो", "नको", "असू दे"... एवढंच बोलायच्या. माझी नेहा तेव्हा सात वर्षांची. "आजी, माझी बाहुली बघ ना," म्हणत मागे लागायची. आई, म्हणजे सासूबाई, तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसायच्या.

मग बर्फ पडला. लंडनला असा बर्फ क्वचितच पडतो — कोरडा, पिठासारखा, थांबायचं नाव नाही. ट्रेन बंद, शाळा बंद, रस्त्यावरच्या गाड्या नुसते पांढरे ढिगारे. आम्ही सगळे घरात कोंडलेले.

एका दुपारी मी किचनमध्ये असताना आईंचं हसणं ऐकू आलं. किती महिन्यांनी! वाटलं, नेहाने काहीतरी गंमत केली. पण नेहा तर माझ्याजवळ कणकेचे गोळे करत होती. लाउंजमध्ये जाऊन बघितलं, तर आई भिंतीला खुर्ची लावून बसलेल्या.

"कुणाशी बोलताय, आई?"

"शेजारच्या बाईंशी. चांगल्या आहेत गं. सोलापूरकडच्या असाव्यात."

शेजारचं घर तर ख्रिसमसपासून बंद! शेखरला सांगितलं तर तो म्हणाला, "एकटेपणा आहे, दुसरं काय. रस्ते मोकळे झाले की जीपीला, आपल्या डॉक्टरांना दाखवू." पण त्या आठवड्यात आई पोटभर जेवायला लागल्या. केस विंचरू लागल्या. मला वाटलं, भास तर भास... बाई जेवतेय ना!

थंडी वाढली तसं शेखरला हॉलिसांच्या पाइपांचं टेन्शन आलं. गोठून फुटले तर भिंतीतून पाणी आमच्याकडे. तो फावडं घेऊन निघाला. त्यांच्या दारापर्यंत सगळं सपाट पांढरं, पक्ष्याचं पाऊलसुद्धा नाही. तो वाट करून आत गेला, आणि मी आईंना चहा द्यायला लाउंजमध्ये आले.

"झालं का ओ जेवण?"

भिंतीच्या पलीकडून. बाईचा, जरा घोगरा आवाज. अगदी स्पष्ट.

"झालं की. तुमचं?" आई म्हणाल्या.

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. त्यांचं बोलणं चालूच... भाकरी, गुडघे, थंडी.

थोड्या वेळाने शेखर बूट आपटत परत आला. "पाइप ठीक आहेत. त्यांच्या लाउंजमध्ये उभा होतो, तुमच्या दोघींच्या छान गप्पा ऐकू येत होत्या. तू असं सोलापुरी कधी शिकलीस गं?"

"शेखर, मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

तो बुटांसकट जिन्याच्या पायरीवर बसला. त्याला दोन्ही आवाज आमच्या बाजूने आले होते. मला ती बाई त्याच्या बाजूला वाटली होती — आणि तिथे तर तो एकटा उभा होता.

बर्फ वितळायला लागला त्या सकाळी आई पुन्हा खिडकीपाशी बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले.

"गेल्या त्या," आई म्हणाल्या. "मलाही चला म्हणत होत्या. मी म्हटलं, आत्ता नको, सूनबाई आजारी आहे. तिला बरं वाटू दे, मग येते."

"आई, मी ठणठणीत आहे!"

त्यांनी नुसता माझा हात थोपटला.

उन्हाळ्यात मला छातीत गाठ लागली. ऑपरेशन, मग ट्रीटमेंट... सगळं वर्ष त्यातच गेलं. त्या वर्षात आईंनी घर उचलून धरलं. मला पेज भरवली, नेहाच्या वेण्या घातल्या, एकदाही आजारी पडल्या नाहीत. शेवटी हॉस्पिटलने सांगितलं, आता कॅन्सर उरलेला नाही, मी बरी झाले. त्याच दुपारी चहा घेऊन आई जरा आडव्या झाल्या आणि झोपेतच गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय होतं, हार्ट वीक होतं. मला ते पटतंही.

मिस्टर हॉलिसना मी नंतर विचारलं होतं. ते आणि त्यांची बायको त्या घराचे पहिलेच मालक. तिथे दुसरं कुणी कधी राहिलंच नाही.

मग ती कोण होती? आईंना माझं आधी कसं कळलं? शेखर तर हा विषयच काढू देत नाही. एक गोष्ट मात्र मी त्यालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी मी हॉस्पिटलमधून घरात पाऊल टाकलं, तेव्हा आई ठेवणीतलं इरकल लुगडं नेसून, तयार होऊन बसल्या होत्या. रिपोर्टचं मी अजून काहीच बोलले नव्हते.