लेण्यातलं मीठ आणि माझं भाषण

लासूर स्टेशनवर गाडीत बसलो तेव्हा पिशवीत चार भाकरी, ठेचा आणि 'रयतेला लेणी खुली करा!' या मथळ्याच्या पत्रकांचा गठ्ठा होता. अजिंठ्याची लेणी मी तोवर पाहिली नव्हती. पत्रक लिहायला त्याची गरज भासली नाही.

औरंगाबादेहून मोटारीनं अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरच्या सराईत (मुसाफिरांच्या मुक्कामाच्या जागेत) उतरलो. सकाळी पायी निघालो, वाघूर ओलांडताना शेवाळावरून घसरलो आणि छातीपर्यंत भिजलो.

लेण्यापाशी देवगाव रंगारी गावची दहा-बारा माणसं सावलीत बसली होती. चौकीदार युसूफचाचांनी बसवली होती.

"घाम वाळू द्या, मंग आत. पाच-पाच जण," चाचा म्हणाले. मला न्याहाळून पुढं, "तुमचे कपडे तर लई ओले. तुम्ही सगळ्यात मागून."

माझं टाळकं सरकलं. "साहेब आला तर त्यालाही असंच बसवता?"

"व्हय. परवाच एकाला बसवला. तोबी चिडला, पण तुमच्याइतका नाय."

मी मंडळींना हक्कांविषयी चार शब्द सुनावले. मंडळी उठली आणि सगळी एकदम माझ्यामागून आत शिरली. चाचा एकटे, अडवणार किती? काजळी धरते म्हणून आत दिव्याला मनाई. म्हणून ते नाइलाजानं बाहेर चकचकीत पत्रा धरून ऊन आत फेकू लागले.

दाराशी कोनाड्यात बशीभर मीठ दिसलं. उतारा! सरकारी लेण्यात ही खुळचट समजूत! मीठ पायरीवरून खाली भिरकावलं. मग उन्हाचा कवडसा चित्रांच्या भिंतीवर पडला होता तिथं, ओल्या धोतरानिशी, मंडळींकडे तोंड करून उभा राहिलो आणि पाव तास बोललो.

एकाएकी अंधार झाला. चाचा पत्रा ठेवून आत आले होते. थेट कोनाड्याकडे गेले.

"नमक किसने उठाया?"

"मी," मी अभिमानानं म्हणालो.

"बेटा, हवेतली ओल कळायला ठेवलं होतं ते. मीठ ओलं झालं की मी लोकांना बाहेर काढतो. तुमचा श्वास, घाम, समदं ही भिंत पिते. मंग रंग फुगतो, सुटतो."

दारातून येणाऱ्या उजेडात भिंत ओलसर चमकत होती. मी उभा होतो तिथं, खाली, नखाएवढा निळा तुकडा पडला होता. चाचांनी तो रुमालात घेतला. "पावसाळ्यापासून सुटायला टेकला होता. लई जपला होता."

"वर माझं नाव कळवा," मी कसंबसं म्हणालो.

"नाव कळवून तो चिकटणार हाय का?"

भिंत वाळेपर्यंत लेणं बंद, असं सांगून त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. देवगावच्या सरूबाईंनी मला गाठलं. "आमी चार दिस चालत आलो, अन् बघायच्या वक्ताला तुमी मधी! भाषण देवगावातबी ऐकलं असतं की वो!"

परतीच्या गाडीत हिशेब सरळ होता. रयतेला लेणं दाखवायला गेलो आणि दहा-बारा जणांना न बघता परत पाठवलं. वर तो निळा तुकडा कायमचा उतरवला. कुठल्याही हाकिमाला (अधिकाऱ्याला) एका सकाळीत एवढं जमलं नसतं.

लासूरला मित्रांनी घेरलं. "चित्रं कशी आहेत रे?"

काय सांगणार? पाव तास मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. पाठ करून.