उताराला गंगा

दुर्गाघाटावरच्या ढुंढिराजगुरुजींना कुणी वाट विचारली नाही असा दिवस क्वचितच जाई. महाराष्ट्रातून अस्थी घेऊन आलेल्या यजमानांना गल्ल्याबोळांतून मणिकर्णिकेला न्यायचं, हेच त्यांचं जन्मभराचं काम. त्यांचं दिशाशास्त्र सोपं होतं. उतार लागला की गंगा, आणि गंगा लागली की पूर्व.

परवा संध्याकाळी ते बायकोला, विद्युल्लताबाईंना, शहराबाहेरच्या राजाच्या जुन्या बागेत घेऊन गेले. तिथे जमिनीतून खारट पाण्याचे झरे फुटतात, ते पाणी पोटाला चांगलं म्हणतात. बाईंची नजर आता जवळजवळ गेलेली. कुंडाच्या काठच्या बाकावर त्यांना बसवून गुरुजी म्हणाले, "समोरच पायऱ्या आहेत, पाणी खोल आहे. मी झऱ्यावरून बाटली भरून आणतो, तोवर हलू नकोस."

झरा काही सापडेना. परत फिरले, तर तीच कण्हेर, तशीच कमान, तसाच बाक, पण बाई नाहीत. बाग सजवणाऱ्याने नुसत्या शोभेसाठी टेकाडं उभारलेली, आणि गुरुजी आपले प्रत्येक उतार इमानाने उतरत होते. दर वेळी कमळांच्या त्याच तळ्यापाशी पोचत. समोर उन्हं कलत होती. आज सूर्य पूर्वेला मावळतोय की काय, असंही त्यांना वाटून गेलं.

एका जोडप्याला विचारलं, तर ते म्हणालं, "कौन सा कुंड, बाबा? यहाँ तो कई हैं।"

ती उठली असेल तर? पाऊल चुकलं तर? गुरुजी पुरते घाबरले. दुनियेला मंत्र सांगणाऱ्या माणसाला एक मंत्र आठवेना.

तेवढ्यात बागेचा चौकीदार आला. "पंडितजी आप ही हैं न? माताजी ने भेजा है। बोलीं, जो सबसे नीची जगह हो, वहीं देखना। गंगाजी ढूँढ़ रहे होंगे।"

बाई बाकावर होत्या तशाच बसल्या होत्या.

"झऱ्यावर ही गर्दी," गुरुजींनी सुरुवात केली.

बाईंनी बाटली हातात घेऊन तोलली. "रिकामीच आहे की."

गुरुजींनी बाटली परत घेऊन काखेत धरली.

"चला. हॉर्न त्या अंगाने ऐकू येतायत, फाटक तिकडेच असणार. तुम्ही फक्त पायऱ्या आल्या की सांगा."

यजमानांच्या पुढे चालण्यात जन्म गेलेले गुरुजी बायकोचा हात धरून मागून निघाले. वाट चढाची होती. ती चुकीचीच आहे असं त्यांना अजूनही वाटत होतं, पण पायऱ्या आल्या तेव्हा त्यांनी 'पायऱ्या' एवढंच सांगितलं.