हातभर खाली

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता विसरायला झाल्या आहेत, पण पेणकरपाड्यातला तो खड्डा काही डोळ्यांपुढून जात नाही. गुन्हा म्हणाल तर छोटा. पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. तरी माझ्या हातून एक बाई त्यात फुकट अडकणार होती, म्हणून लिहितोय. नावं कुणाचीच देत नाही.

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी असेल. मी मीरा रोडच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होतो. लोक जमादारच म्हणायचे. मूळचा मी लातूरकडचा. सातवीत शाळा सुटली, वडिलांबरोबर विहिरी खणायच्या कामाला लागलो आणि पुढे नशिबाने पोलिसात चिकटलो. खात्याने पोटाला दिलं, राहायला खोली दिली आणि वर बारा वर्षं बॉम्ब शोधक पथकात ठेवून एक विद्या दिली: कानाला हेडफोन लावून जमिनीखालचा धातू ऐकायची. हे उपकार मी मानतो. फक्त लिहिण्याची धास्ती शेवटपर्यंत गेली नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, साहेब चारचौघांत वाचून दाखवतील, या भीतीने मी जबाब होईल तेवढा आखूड लिहायचो. घोटाळा झाला तो यातूनच.

फिर्याद द्यायला दोघे भाऊ आले होते. पेणकरपाड्यातलं जुनं घर, आता जागा बिल्डरला दिलेली, आणि इमारत होईपर्यंत सगळे सिल्व्हर पार्कात भाड्याने. त्यांच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. ती महिनोन्‌महिने हॉस्पिटलात असताना इकडे घर पाडून झालं. पुढे हळूहळू तिची वाचा परत आली, तेव्हा तिने मुलांना सांगितलं की अंगणात उंबराजवळ, दाराच्या बाजूला तीन पावलांवर, हातभर खाली तांब्याची कळशी पुरलेली आहे. तिच्यात तिचे आणि तिच्या सासूचे दागिने.

"मग खणलंत का?" मी विचारलं.

"खणलं ना साहेब," थोरला म्हणाला. "आई हातभर बोलली, आम्ही दीड हात गेलो. दोन ठिकाणी. काय नाय."

"आईंच्या लक्षात चूक होत असेल."

"आमची आई?" धाकटा हसला. "माझ्या लग्नात कोणी काय आहेर केला, ते अजून सांगते ती."

संशय त्यांचा एकीवरच होता. त्यांच्या आईचं, म्हणजे आजींचं, सगळं करायला माणगावकडची एक बाई घरात राहत होती. नवरा नाही, माहेरी कुणी नाही. आजींचं बोबडं बोलणं सगळ्यांत आधी तिलाच कळायला लागलं होतं. म्हणजे कळशीची जागाही आधी तिलाच कळली असणार, असं दोघांचं म्हणणं.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. हायवेच्या नाक्यावरचा एक रिक्षावाला आम्हाला अधूनमधून काहीबाही सांगायचा. तो ठाण्याच्या फाटकाशी येऊन म्हणाला, "साहब, वो सिल्व्हर पार्कवाली आजी की बाई है ना, उसको मैंने देखा. पंधरा दिन हुआ. दोपहर में प्लॉट पे खोद रही थी. मेरी ही रिक्षा में तो गई थी, पहार लेके."

"पहार घेऊन रिक्षात?"

"हाँ. मैंने मजाक में पूछा, मौसी, खेती करने जा रही क्या? एक शब्द नहीं बोली."

मला वाटलं, झालं. भावांनी खणण्याच्या आधी ती खणून आली होती.

बाईला बोलावून घेतलं. महिला शिपाई शेजारी बसवली. बाई चाळिशीची, किडकिडीत, पदर दोन्ही हातांत घट्ट धरून बसलेली. पहिल्या दिवशी तिने साफ नाकारलं. मी गेलेच नाही, मला जागा माहीत नाही. मी आवाज चढवला नाही. माझा अनुभव असा, की घाबरलेल्या माणसावर ओरडलं तर ते आणखी आत जातं. सूर्य मावळायच्या आत तिला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून फक्त रिक्षावाल्याला तिच्यासमोरून चालत नेलं. तिने त्याला पाहिलं आणि ती रडायला लागली.

"गेले होते साहेब. आजींनीच धाडलं होतं."

"आजींनी? मग मुलांना का नाही सांगितलं?"

"त्यांना भीती. पोरं मोडून खातील म्हणाल्या. आधी आहे का बघून ये, हात लावू नको, मग मी सांगते पोरांना. कुणाला बोलणार नाही अशी शपथ घातली मला."

"आणि काय मिळालं?"

"काही नाही. आजींना पण तेवढंच म्हटलं, मग त्यांनी पोरांना सांगितलं. हातभर खणलं. लाल मुरूम लागला. मुरूमच मुरूम. पहार चालेना."

"कळशी कुठे ठेवलीस?"

"साहेब, मुरूम होता नुसता. मी काय सांगतेय?"

महिला शिपाई मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "जमादार, शपथ, आजी, मुरूम... गोष्ट चांगली जुळवलीय हिने." मलाही तसंच वाटलं. जबाब लिहिताना मी लिहिलं, की सदर महिलेने जागेवर जाऊन खोदकाम केल्याचे कबूल केले असून वस्तू मिळून आली नाही असे ती सांगते. बस. मुरूम गाळला. आमच्या लातूरकडे वर काळी माती आणि हातभर खाली गेलं की मुरूम लागतोच. मी लहानपणापासून विहिरींत तेच पाहिलेलं. जमिनीखाली मुरूम लागला, यात लिहिण्यासारखं काय?

साहेबांनी जबाब वाचला. "कबुली आहे, साक्षीदार आहे. उद्या अटक दाखवा."

बाई बाकावर बसली होती. तिने ऐकलं असावं. मी जवळून जाताना ती हळूच म्हणाली, "साहेब, मी लोकांच्या घरात राहून काम करते. चोरीचा डाग लागला तर दारात कोण उभं करील मला? परत जायला गाव पण नाही राहिलं." घरापासून लांब येऊन दुसऱ्याच्या भरवशावर उभं राहणं काय असतं, ते मला माहीत होतं. पण त्यावर तपास चालत नाही.

तरी चैन पडेना. आजींना अजून मी एकदाही विचारलं नव्हतं. बाई खोटं बोलत असेल तर आजींकडून तेही पक्कं होईल, अशा हिशेबाने दुपारी सिल्व्हर पार्कात गेलो.

आजी खिडकीशी पलंगावर होत्या. उजवा हात निकामी, पण डोळे असे की आपली वर्दी आपल्यालाच ढिली वाटावी. थोरली सून त्यांचं बोलणं मला उलगडून सांगत होती.

"आजी, तुम्ही बाईला धाडलं होतं?"

"धारलं व्हतं. मीच."

सुनेने चमकून सासूकडे पाहिलं. मी विचारलं, "मग तिने खणून कळशी काढली असेल तर?"

आजींनी डाव्या हाताने माझं बोलणं उडवून लावलं.

मी उगाच, निघता निघता म्हणालो, "ती म्हणते हातभर खणलं, मुरूम लागला, पुढं पहार चालेना."

आजींनी मान माझ्याकडे वळवली. "काय लागला?"

"मुरूम. लाल मुरूम."

"मुरूम?" आजी हसायला लागल्या. तोंडाची एकच बाजू हसत होती. "आमच्या अंगनान मुरूम? न्हाय रं बाबा. आमची काली माती हाय. चिकट. खारी. पाय घाल, चप्पल देनार न्हाय परत. तू कुठला?"

"लातूरचा."

"मंग," आजी म्हणाल्या, जणू सगळं त्यातच आलं.

मी तसाच खाली उतरलो आणि सरळ पेणकरपाड्यात गेलो. वाटेत डोकं नुसतं फिरत होतं. खाडीकडची जमीन. इथे मुरूम येणार कुठून? ट्रकमधून.

प्लॉटवर बांधकाम बंदच होतं. नुसती लाल, सपाट जागा. उंबर तेवढा उभा होता. झाड बुंध्याशी कसं रुंद होतं, मुळं कशी पसरलेली दिसतात, ते कुणालाही माहीत आहे. हा उंबर विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत घुसला होता. बुंध्याचा खालचा भाग दिसतच नव्हता. मी भावांना फोन करून बोलावलं.

"इथे मुरूम ओतून भरणी कधी झाली?"

"भरणी?" थोरला म्हणाला. "आई हॉस्पिटलात होती तेव्हा. घर पाडलं आणि लगेच. सगळ्यांचीच झाली साहेब, रस्ता वर आला ना. नाय केली तर भरतीचं पाणी आत..." बोलता बोलता तो थांबला. मग कपाळावर हात मारला. "आईचा हातभर खालच्या जमिनीपासून!"

"आणि तुम्ही भरणीत खणत होता."

"दीड हात!" धाकटा म्हणाला. "आपण साले गाढव आहोत."

"तुम्ही दोघं कशाला," मी म्हणालो. "मी पण आहे."

पण खणायचं कुठे? दार गेलेलं, अंगण गेलेलं, आणि तीन पावलं कुणाची, तर एका बुटक्या म्हाताऱ्या बाईची. सगळा प्लॉट छातीभर उकरणं शक्य नव्हतं. साहेबांना जाऊन सांगितलं. "जमादार, बारा वर्षं बॉम्ब शोधून आता कळशी शोधणार?" पण पथकाला पत्र दिलं आणि अटक थोडी लांबवली. "उद्या दुपारपर्यंत. नंतर मला विचारू नका."

सकाळी पथकातले माझे जुने सोबती, एक हवालदार, यंत्र घेऊन आले. लांब दांडा, टोकाला गोल थाळी, वायरीने जोडलेले हेडफोन. दोन पंच उभे केले. हवालदारांनी तासभर थाळी फिरवली आणि हेडफोन काढून म्हणाले, "बाजार भरलाय खाली. खिळे, सळईचे तुकडे, बांधायची तार. भरणीत काय काय टाकलंय. यातून तुमची कळशी ऐकू येणं अवघड आहे."

"द्या इकडे."

आधी आम्ही वरवरचं सगळं उचललं. पाटीभर लोखंड निघालं. मग मी हेडफोन चढवले. हायवेचा आवाज तुटला, भावांची कुजबुज तुटली. मला शिकवणारे म्हणायचे, श्वास रोखायचा, नाहीतर स्वतःचं नाकच ऐकत बसशील. मी थाळी जमिनीलगत, मुंगीच्या चालीने सरकवत राहिलो. वरचा खिळा ओरडतो, आणि थाळी वीतभर उचलली की लगेच गप्प होतो. खोल गाडलेली वस्तू ओरडत नाही. ती कण्हते. आवाज आहे की आपल्याला वाटतोय, हेच कळत नाही. मग थाळी उचलून बघायची. खोलातला आवाज फारसा कमी होत नाही. परत डावीकडून यायचं, परत उजवीकडून. खोटा आवाज एकदाच येतो. खरा दर वेळी त्याच जागी येतो.

उंबराच्या उत्तरेला आत ओढलेल्या श्वासासारखं काहीतरी ऐकू आलं. मी थांबलो. डावीकडून आलो. तिथेच. उजवीकडून आलो. तिथेच. थाळी उचलली, अजून होतं. हेडफोन हवालदारांना दिले. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मला काही नाही." मग पुन्हा, "थांबा. आहे. अगदी बारीक."

मी चुन्याने खूण केली. दोन मजुरांनी खणायला घेतलं. कंबरभर नुसता मुरूम. थोरला म्हणाला, "साहेब, अजून?" "अजून." मग एका पहारीबरोबर आवाजच बदलला. काळी, ओली माती वर आली आणि खाजणाचा खारट वास सुटला. ही आजींची जमीन. तिथून हातभर खाली पहार ठण्णकन लागली.

कळशी हिरवी पडली होती. तोंडावर फडकं बांधून वर मेण ओतलेलं होतं. पंचांसमोर उघडली. आत सगळं होतं. धाकट्याने आत डोकावून बघितलं. "त्या बाईला आम्ही काय काय बोललो," एवढंच म्हणाला.

पंचनामा करून ठाण्यात आलो तर बाई बाकावर कालसारखीच बसलेली. साडी नीट नेसून, केस विंचरून आली होती. अटक व्हायची म्हणून तयारीने आली असावी. मी म्हणालो, "ताई, सापडलं."

तिने पहिलं विचारलं, "किती खोल?"

"मुरमाच्या खाली. छातीभर."

"मी म्हटलं होतं ना, मुरूम होता?"

"म्हटलं होतंत."

"तीनदा म्हटलं. मग तुम्ही लिहिलं का नाही?"

ठाणे अंमलदार लिहिता लिहिता थांबले. महिला शिपाई खिडकीकडे बघायला लागली. एका सहायक फौजदाराने ठाण्यात, सगळ्यांसमोर, एका संशयित बाईला काय उत्तर द्यायचं, ते कुठल्याच पुस्तकात नाही. मी म्हणालो, "माझं चुकलं. मला वाटलं, त्यात काय." मग कोरा कागद घेतला आणि तिचा जबाब पुन्हा घेतला. ती जसं बोलली तसं: आजींची शपथ, पहार, रिक्षा, लाल मुरूम, मुरूमच मुरूम. दीड पान झालं. ऱ्हस्व-दीर्घ किती चुकले देव जाणे. तिला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं. तिने बोट ठेवून सगळं वाचलं, तेव्हा कुठे सही केली. भावांनी हात जोडून तिला परत बोलावलं. ती म्हणाली, "आजींसाठी येते. तुमच्यासाठी नाही."

त्या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं, की खरं सांगणारं माणूस फार मोठ्याने बोलत नाही, आणि त्याचं बोलणं पुष्कळदा आपल्याला निरुपयोगी वाटतं. कारण ते आपल्या गावच्या मातीत बसत नाही. पण तीच गोष्ट ते पुन्हा त्याच जागी सांगतं. हे मला हेडफोन लावून बारा वर्षं माहीत होतं. टेबलावर बसल्यावर मात्र मी ते विसरलो.

पुढची उरलेली वर्षं मी जबाब लांब लिहिले. कोण कुठल्या दारातून आलं, चहा कुणी केला, माती कसली होती, सगळं. साहेब वैतागायचे. "जमादार, हा जबाब आहे की कीर्तन?"

मी म्हणायचो, "राहू द्या साहेब. कुठे खणायचं, ते यातनंच कळतं."